आक्काचा सूर तुटला नव्हता

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. शेवटासाठी राखून ठेवलं तर तिथपर्यंत पोचता पोचता मी एखादी सबब शोधून काढीन, इतकं मी स्वतःला ओळखतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, आवाज शेवटपर्यंत चांगला होता. तो गेला असं मी तिला सांगितलं. तिने ते खरं मानलं आणि गाणं सोडलं. ती गेली त्याला आज सात आठवडे झाले. भाच्याचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होतो. "मामा, मम्मी गई..." एवढंच बोलून तो थांबला. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो, आता सांगायचं राहिलं, असा. रडू नंतर आलं. त्या विचारात थोडी सुटकाही होती... तेही लिहितो.

आम्ही शिंदखेड्याकडचे. आक्का लग्न होऊन सुरतेला, उधन्यात आली. दाजी कापडाच्या कारखान्यात, लूमच्या खात्यात, सांचे म्हणजे यंत्रमाग चालवायचे आणि त्याच खात्याच्या वरच्या खोलीत त्यांचा संसार. खाली चोवीस सांचे. खोलीत पाण्याचा तांब्या ठेवला तरी त्यात बारीक बारीक लाटा उठत राहायच्या. दहावीनंतर मी शिकायला तिच्याकडे आलो आणि नऊ वर्षं त्या खोलीत राहिलो. साड्यांचं धागा कटिंग, म्हणजे सुटे धागे कापायचं काम करून तिने माझ्या फिया भरल्या. मी मराठी शाळेत मास्तर झालो, सुरतेतच भेस्तानला शांत सोसायटीत फ्लॅट घेतला. ती तिथेच राहिली. गल्लीतल्या बायका कटिंगच्या साड्या घेऊन तिच्याकडे बसायच्या आणि आक्का गायची. आमच्याकडच्या देवीची, कानबाईची गाणी, हळदीची, आमच्या आईकडून आलेली किती तरी. खालच्या सांच्यांच्या वरून तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. "आक्का, तुना आवाजमुये सांचा बंद पडी," अशी बायका तिची थट्टा करायच्या. "पडू दे, शेठले म्हना मी वरथून चालाडस," सांचे वरून आपणच चालवतो अशा थाटात ती म्हणायची आणि पुढची ओळ उचलायची.

मला गाता येत नाही, पण समाजाच्या कार्यक्रमांचं निवेदन मीच करतो. माझ्या बोलण्याचं कौतुक होतं आणि ते मला आवडतं, जरा जास्तच. गेल्या वर्षी मी ठरवलं की आक्काची गाणी रेकॉर्ड करून ठेवायची. गाणं तिचं आणि प्रत्येक गाण्याआधी त्याची माहिती माझ्या आवाजात. दोघांना मिळून एकच माइक घ्यायचा, खिशाला परवडेल असा, गाण्यालाही चालेल आणि बोलण्यालाही. एका रविवारी तिला घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन माइक पुढे ठेवले. एक हातात धरायचा, कीर्तनात-ऑर्केस्ट्रात असतो तसा. ओठाजवळचं तेवढंच ऐकणारा. दुसरा स्टँडवर लावायचा, पुढे गोल जाळी. तो खोलीतलं सगळं टिपायचा. "बेन, थोडुं गाओ," दुकानदार म्हणाला. आक्काने पदर तोंडाला लावला, हसली आणि मग हातातल्या माइकवर हळदीच्या दोन ओळी म्हटल्या. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. हेडफोनमध्ये तिचा आवाज इतका भरून आला की माझ्या अंगावर काटा आला. मग त्याच माइकवर मी बोललो. घोंगडीच्या आडून बोलतोय असं वाटलं. स्टँडवाल्यावर बोललो तर माझाच आवाज मला रेडिओवरच्यासारखा ऐकू आला. मी तो उचलला.

"घरमां अवाज होय तो हाथवाळुं ज लेजो, मास्तर," दुकानदाराने सांगून पाहिलं. "घरात कसला आवाज? घर शांत आहे," मी म्हणालो. आणि आक्काच्या खोलीबद्दल मला खरंच तसं वाटत होतं. त्या खोलीत ज्यांची वर्षं गेली त्यांना सांचे ऐकू येत नाहीत. ते बंद पडले तर मात्र दचकून जाग येते. पण ही अर्धीच कबुली झाली. मला माझा आवाज हवा होता, म्हणून मी तो माइक घेतला. आक्का म्हणाली होती, "मले हातमा धराना बरा वाटस, भाऊ." मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?" ती लगेच म्हणाली, "नही बाबा, मास्तर तू शेस."

माझं निवेदन मी भेस्तानला, खिडक्या लावून, रेकॉर्ड केलं. उत्तम झालं. आक्काला गायचं तर तिच्याच खोलीत, साड्यांच्या ढिगाशेजारी बसून गाता यायचं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत माइक तिथे नेला. घरी येऊन सुरुवातीचं जरा ऐकलं तर नुसता खडखडाट, म्हणून पुढे ऐकलंच नाही. मग एक फुकटचं ॲप उतरवून घेतलं. ते गोंगाट काढून टाकतं. त्याने सांच्यांचा आवाज काढला खरा, पण आक्काचे लांब धरलेले सूरही मध्ये मध्ये कापून टाकले. एकसारखा चालणारा कुठलाही आवाज त्याला गोंगाटच वाटतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला हवं होतं. बोलण्यात शब्द तुटक असतात, त्यामुळे माझं निवेदन त्यातून धड बाहेर पडलं आणि मला ॲपवर शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. शंका मी तिच्यावर घेतली.

पुढच्या रविवारी मी तिला ते ऐकवलं. बायका बसलेल्या होत्या. आक्का हेडफोन कानाला घट्ट दाबून ऐकत होती, डोळे जमिनीकडे. "मी अशी गास?" तिने विचारलं. मी म्हणालो, "वय झालं आक्का. सूर मध्येच तुटतोय. दम पुरत नाही आता तुझा." अगदी वर्गात सांगावं तसं, सगळ्यांसमोर.  पुन्हा एकदा म्हणून बघू का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, किती वेळा म्हणणार... मग तिने हेडफोन काढून माझ्याकडे दिले आणि साडी मांडीवर ओढून धागे कापायला लागली.

त्या श्रावणात कानबाई बसली तेव्हा आक्का मागे भिंतीला टेकून टाळ्या वाजवत राहिली. बायकांनी ओढलं तर म्हणाली, "मना दम सरना आते. तुम्ही म्हना." मी तिथेच होतो. तिला मान्य झालं, बरं झालं, असं वाटून गेलं मला. गाणी मी बायकोच्या भाचीकडून गाऊन घेतली. ती संगीताच्या क्लासला जाते. आक्कानेच तिला चाली शिकवल्या, आठ दिवस, एक शब्द वाकडा न बोलता. दसऱ्याच्या मेळाव्यात ती गाणी वाजली, माझं निवेदन वाजलं, मला शाल मिळाली. आक्का तिसऱ्या रांगेत बसली होती.

दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप भरला म्हणून जुन्या फाइली पुसत होतो. एक उघडली ती ॲपमधून न काढलेली, मुळातली निघाली. खडखडाट होता, आणि त्याच्या वर आक्का गात होती. एक सूर तिने धरला आणि तो मी मोजत बसावा इतका वेळ धरला. कुठेही तुटला नाही. सगळ्या फाइली ऐकल्या. एकाही ठिकाणी नाही.

त्यानंतर पाच महिने ती होती. मी तिच्याकडे चार वेळा गेलो. एकदा तिने भरीत-भाकरी वाढली आणि विचारलं, "भाची गास का रे आते?" तोंडाशी आलं होतं. पण मग शालीचं काय, भाचीच्या गाण्यांचं काय, उधन्याच्या गल्लीत मास्तर म्हणून मिळणाऱ्या मानाचं काय... मी म्हणालो, "गाते की, छान गाते." सांगू सावकाश, असं प्रत्येक वेळी जिना उतरताना ठरवलं. होळी झाली आणि आक्का गेली.

गेल्या रविवारी मी त्या खोलीत गेलो. दाजी खाटेवर बसले होते. पस्तीस वर्षं सांच्यांमध्ये काढून त्यांचे कान गेले आहेत. तीन-चार बायका नेहमीसारख्या साड्या घेऊन बसल्या होत्या. मी दाजींच्या कानाशी वाकून हळूच सांगायचा प्रयत्न केला. "मोठ्यानं बोल रे, काय म्हनस?" ते म्हणाले. मग मला ओरडावं लागलं. माइक, ॲप, तुटलेला सूर, न तुटलेला सूर, दिवाळी, सगळं ओरडून सांगावं लागलं. कात्र्या थांबल्या. एक बाई म्हणाली, "हाई तिले सांगाले पाहिजे व्हतं, मास्तर." बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

दाजी माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तिनी मलेबी विचारं व्हतं. रोज विचारे. मना आवाज गया का, हो? मले ते ऐकू येत नही, मी काय सांगू? मी म्हनं, मास्तर शिकेल शे, तो म्हनस ते खरं व्हई..."

मी खाली बसलो आणि त्यांचे पाय धरले. "माफ करा, दाजी," म्हणालो. त्यांनी कानामागे हात नेला. "काय?"

त्यांना खरंच ऐकू गेलं नव्हतं, की पुन्हा वदवून घ्यायचं होतं, मला ठाऊक नाही. मी खालच्या सांच्यांच्या वरून, जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो, "आक्काचा आवाज चांगला होता. मी खोटं ठरवलं तिला. मला माफ करा."