दुसऱ्यांदा ओढणारी बाई

"एका ओढीत कोणीबी टिकते, काकाजी. पुन्हा पुन्हा ओढून पाहा," असं म्हणत ती बाई जेलची, म्हणजे लिबलिबीत रबरासारख्या पदार्थाची, पट्टी उजेडासमोर धरायची आणि एक डोळा मिटून तिच्या काठाची चीर पाहायची. मला बघवत नसे. आजारी बैलाच्या नाकातून लोंबावं तसं ते दिसे.

बाई आमच्या पुसदच्या एका कॉलेजात तासावर शिकवायची. कॉलेजनं तिच्या मशीनला जागा दिली नाही, म्हणून ती माझ्या सायकल दुकानामागच्या टिनाखाली आली. मशीन म्हणजे काय, जुन्या कूलरची टाकी आणि गाडीच्या वायपरची मोटर. पाण्यात बुडालेली पट्टी ताणली जाई, सैल पडे, परत ताणली जाई. दिवसभर तेच. उन्हाळ्यात पाण्याला असा वास सुटे की हवा भरायला आलेलं गिऱ्हाईक आधी नाक धरे.

"काय बनवून राह्यली वं बाई, हा शेंबूड?"

"गुडघ्यातली गादी. तुमच्यासारख्यायसाठीच."

"माझ्या गुडघ्यात हे? त्याच्यापेक्षा लंगडा बरा!"

ती हसली आणि त्याच बुळबुळीत हातानं बिस्कीट मोडून अर्धं माझ्यापुढे धरलं. मी नाही खाल्लं. तुम्हीही खाल्लं नसतं.

तिनं मला समजावलं ते असं. जेलच्या पोटात दोन जाळ्या असतात, एक कडक, एक लवचीक. ओढलं की कडक जाळी ठिकठिकाणी तुटते आणि जोर स्वतःवर घेते. पट्टी वाचते, पाहणारा म्हणतो, काय मजबूत! पण तुटलेलं परत जुळत नाही. दुसऱ्या ओढीला आड यायला कोणी उरत नाही. मग काठाची बारीक चीर हलक्या ओढीनंसुद्धा आत आत सरकते.

कॉलेजातले तिचे मोठे सर मात्र पाहुणा आला की कोरी पट्टी काढत, हातभर ताणत. टाळ्या, फोटो. बाईचे पुढच्या वर्षीचे तास त्यांच्याच हातात होते.

"गप राह्यजो माय," मी बजावलं होतं. "तास गेले तर खाशीन काय, जेल?"

"अन् कोणाच्या गुडघ्यात फाटलं तर, काकाजी?"

एक दिवस सर पैसा लावणाऱ्या पाहुण्याला घेऊन टिनाखाली आले. कोरी पट्टी ताणून म्हणाले, "कधीच तुटत नाही."

बाईनं टाकीतली पट्टी काढून पाहुण्याच्या हातात दिली. "हीपण तशीच होती. सोमवारपासून चालू आहे. आता ओढा."

त्यानं बोटभर ओढली नाही तोच ती टरकन फाटली. चिकट पाणी त्याच्या शर्टावर उडालं.

"मॅडमना आराम पाहिजे," सर म्हणाले आणि दात काढून हसले. टाकीचा वास मी सहन केला होता. त्या हसण्यापुढे मात्र मी नाक धरलं.

कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा बाईला एकही तास दिला नाही. ती ढाणकीला आपल्या घरी निघाली. निघण्याआधी बाह्या वर करून टाकीच्या तळाचा चिकटा खरवडू लागली.

"राहू दे वं. मी फेकतो."

"घाण माझी हाये. मीच काढीन."

बस दुकानासमोरच थांबली. साबण लावूनही हात बुळबुळीतच होते. दारातल्या दांड्यावरून हात निसटला. परत धरला, परत निसटला.

"ओ ताई, चढता का सोडू गाडी?" कंडक्टर ओरडला.

तिनं दोन्ही हात ओढणीला खसाखसा पुसले, दांडा घट्ट धरला आणि चढली.