अमेरिकेतून आलेला सल्ला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय काढला नाही — त्याला आधीच ठाऊक असणार, असा संशय. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलते. तरी लिहायला बसल्यापासून दोनदा उठून दाराची कडी बघून आले. घरात मी एकटी. वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ शालन आणि तिचा नवरा, म्हणजे माझे दीर. कोण येणार आहे? पण सवय लागली आहे खरी.

सात वर्षांपूर्वी मी अमेरिकेला लेकीकडे, मेधाकडे, सात महिने राहून आले. माझं शिक्षण सातवीपर्यंत, बाकी जे काही आलं ते ऐकून आणि वाचून. तिकडे जेवणाच्या टेबलावर विषय एकच — विमा. अँब्युलन्स बोलावली तर बिल केवढं येतं, विमा कंपनीच्या यादीबाहेरच्या दवाखान्यात गेलं तर कसं कर्जबाजारी व्हायला होतं. जावयांचा हात मोडला तेव्हा ते दुसऱ्या हाताने फोन धरून आधी विचारत बसले, कुठे जाऊ म्हणून! मी सगळं एका वहीत उतरवून आणलं. सदाशिव पेठेत परतले ती तज्ज्ञ होऊनच. बिल्डिंगमधल्या बायका आपापल्या पॉलिसीचे कागद घेऊन यायच्या आणि मी चष्मा लावून मान हलवायची. आवडायचं हो मला ते. खोटं कशाला सांगू?

मुळात मी संशयी. दवाखानेवाले लुटतात, विमावाले फसवतात, एजंट गोड बोलतो म्हणजे नक्की काहीतरी लपवतो — हे मी अमेरिकेला जायच्या आधीपासून मानत होते. तिकडे फक्त पुरावा मिळाला, असं वाटलं. तिकडचा पुरावा इकडे लागू पडतो का? हा प्रश्न मला पडलाच नाही. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईने आपल्या वहीवर मात्र कधी घेतला नाही.

एका सकाळी, साडेदहाच्या सुमारास, शालन अनवाणीच खाली पळत आली. "वहिनी, यांच्या हातातून कप पडला. बोलणं जड झालंय. अँब्युलन्स बोलावू का?"

मी वर गेले. भाऊजी गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसले होते. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. भाऊजी म्हणजे बसचे कंडक्टर, निवृत्त झाले तरी आवाज तसाच; त्यांनी जिन्यात कुणाला हाक मारली की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबायचा. दवाखाना शेजारच्या गल्लीत. चालत पाच मिनिटं. आणि मी काय म्हणाले? "थांब, शालन. तो दवाखाना यादीत आहे का, ते कळल्याशिवाय हलायचं नाही. मागाहून एक पैसा देणार नाहीत."

ती रडायलाच लागली. म्हणाली, "मेधाला विचारा ना. तिला यातलं कळतं."

मी मोबाइल घेऊन गॅलरीत गेले. तिकडे मध्यरात्र उलटलेली. मागे एकदा मी अवेळी फोन केला होता, तर जावई म्हणाले होते, "आई, घड्याळ बघत जा जरा." ते मनाला लागलं होतं माझ्या. मी फोन कानाला लावून उभी राहिले. दोन-तीन मिनिटं. मान हलवली. "बरं, बरं," म्हणाले. मग आत येऊन शालनला सांगितलं — "मेधा म्हणते, आधी कंपनीची मंजुरी घ्या, मग न्या."

फोन मी लावलाच नव्हता.

आलं का लक्षात? मेधा झोपली होती. तिने काहीही सांगितलेलं नव्हतं. बोलले ते मी, माझ्या वहीतलं. माझ्या एकटीच्या शब्दाला शालन थांबली नसती, एवढी ती शहाणी होती — म्हणून मी लेकीचं नाव वापरलं.

मग विमा कंपनीला फोन लावला. हे बटण दाबा, ते दाबा, नंतर नुसतं संगीत. दीड वाजत आला तेव्हा एक मुलगी बोलली, आणि माझ्यावर ओरडलीच. "अहो आजी, पेशंटला आधी जवळच्या हॉस्पिटलात न्या! आम्हाला नंतर कळवलं तरी चालतं. मला काय विचारत बसलाय?"

डॉक्टरांनी विचारलं, "इतका उशीर कशाने?" शालनने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

कंपनीने पैसे भरले. बिनबोभाट. भाऊजींची वाचा मात्र परत आली नाही. आता त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय — "चला." चहा हवा, चला. राग आला, चला. रडू आलं तरी चला.

शालनने मला कधी दोष दिला नाही. तिने धरलं ते मेधाला. एकदा मेथी निवडताना म्हणाली, "तिकडे गादीवर लोळत शहाणपण सांगायला काय जातं!" आणि मी म्हणाले, "चुकलंच तिचं."

मेधा येते तेव्हा काकांसाठी काही ना काही आणते. शालन घेत नाही. "आई, काकू माझ्यावर का रागावल्येय गं?" मी सांगते, तिचा स्वभावच तसा झालाय. आणि त्या दोघींना एकट्या सोडत नाही. मेधा वर निघाली की मलाही गुडघे दुखत असले तरी वर काम निघतं. जिन्यात कुजबुज ऐकली की वाटतं, आलं बाहेर.

पण खरी भीती मला भाऊजींची. त्यांची खुर्ची गॅलरीच्या दाराशी होती. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. फोनचा पडदा काळा होता, आणि त्यांचे डोळे माझ्यावर होते. पाहिलं का त्यांनी? माहीत नाही. अजून मी वर गेले आणि माझा मोबाइल वाजला, की ते आधी मोबाइलकडे बघतात, मग माझ्याकडे. आणि म्हणतात, "चला."

मेधा शनिवारी येत्येय. तिचा निरोप आलाय, या वेळी काकूशी बसून बोलणारच, तू मध्ये यायचं नाहीस. म्हणून हे आज लिहिलं. म्हणजे उघड होणार असं दिसल्यावर. सहा वर्षांत दुसरं कुठलंही कारण मला पुरलं नाही.

शनिवारी मी खालीच बसणार आहे. दाराची कडी काढून.