रेवतीने सांगितलेला अर्थ

रेवती मुजुमदारला लांबलचक शब्द दिसला की आधी ती त्याच्याकडे जरा रागानेच बघायची. मग पेन्सिलीने त्याच्यावर दोन-तीन उभ्या रेघा मारायची आणि म्हणायची, "हं, बोल आता, आत कोण कोण लपलंय?"

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ती हेच करत होती. नगऱ्याहून येणाऱ्या ऑटोत मी सीपरी बाजारला चढले, तर एक मुलगी मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन पुटपुटत होती, "मेला, केवढा शब्द हा!" झाशीत ऑटोत मराठी ऐकू आली की आमच्यासारख्यांची मान आपोआप वळते. माझीही वळली.

"आपल्यातली तू?" तिने विचारलं.

"हो."

माझा युनिफॉर्म बघून ती म्हणाली, "नर्सिंगलाच ना? इंग्लिश येते?"

"बरी येते."

"मला नाही येत. मी तुला शब्द फोडून देईन, तू मला स्पेलिंग दे. चलेगा?"

त्या दिवसापासून आमची जोडी जमली. तिच्या घरी कपाटाला अजून फडताळ म्हणत, आणि त्याच वाक्यात कडी लावायला 'कुंडी लगा दे' असंही म्हणत. वडील एका शाळेत बाबू होते. रेवती बारावीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलेली. पहिल्या वर्षाला वैद्यकीय शब्दांचा तास असायचा आणि त्या तासाला हिंदीवाल्या मुली मागच्या बाकांवर आपसूक सरकायच्या. रेवती मात्र पुढे बसायची आणि रोज अपमान करून घ्यायची. पहिल्या चाचणीत तिने सगळे अर्थ बिनचूक लिहिले, पण हिंदीत. मॅडमनी तिचा पेपर वर्गात मोठ्याने वाचला. 'पित्ताशय', 'यकृत', 'आँत की सूजन'... वर्ग खदखदून हसला. मॅडम म्हणाल्या, "यह नर्सिंग कॉलेज है, बेटा, वैद्यजी की दुकान नहीं."

रेवती उभी राहिली. "मैडम, लोग तो हिंदी में ही बीमार पड़ते हैं."

तिला वर्गाबाहेर काढलं. मधल्या सुट्टीत मी गेले तर ती जिन्यात बसून शेंगा खात होती. डोळे लाल होते, पण आवाज ठणठणीत. म्हणाली, "हसू दे. सहा महिन्यांत यांच्या सगळ्या शब्दांची सालं काढते की नाही बघ."

आणि काढलीही. 'आयटिस' म्हणजे सूज, 'अल्जिया' म्हणजे दुखणं. "आणि शेपटीला 'एक्टॉमी' दिसली की समजायचं, शरीरातलं काहीतरी जाणार." सगळी भाषा तिने अशी गाठीला बांधली. वर्षअखेरीस त्याच मॅडमच्या विषयात ती वर्गात पहिली आली. मॅडमनी निकाल वाचताना तिचं नाव घेतलं आणि मान वर न करताच पुढचं नाव घेतलं.

तिसऱ्या वर्षी आम्हाला वॉर्डात ड्युटी लागली. कॉलेजला जोडलेलंच खासगी रुग्णालय होतं. तिथे रेवती खुलली. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या बायकांशी ती अस्सल बुंदेलीत बोलायची, त्यांच्या सासूचं नाव विचारायची, सुई टोचताना त्यांच्या म्हशीची चौकशी करायची. डॉक्टर राउंड घेऊन गेले की बायका तिला खुणेने बोलवत. बारीक आवाजात विचारत, "का कै गए?" काय सांगून गेले? आणि ती सांगायची. मी तिला एकदा म्हटलं, "अगं, हे आपलं काम नाही." ती म्हणाली, "मग कुणाचं आहे? त्याचं नाव सांग, मी त्याला बोलावून आणते."

बरुआसागरजवळच्या एका गावातून राजकुमारी नावाची बाई दाखल झाली. वयाने तिशीच्या आतली. पदरात एक मुलगी. अंगावरून फार जात होतं, चेहरा पांढराफटक. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन ठरलं होतं. दुपारी नवरा चहा प्यायला गेला असताना तिने रेवतीला जवळ बोलावलं. पायाशी लटकवलेल्या पाटीवर इंग्रजीत एक लांब शब्द होता. त्याच्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "बिन्नू, ई में का लिखो है?" पोरी, यात काय लिहिलंय?

मी शेजारच्या खाटेवरची चादर बदलत होते. रेवतीने पाटीकडे पाहिलं, मग बाईकडे.

"तुम्हें नईं बताओ?"

"हमसे तो कई, छोटो सो ऑपरेशन है."

रेवती खाटेच्या कडेला बसली. हळू आवाजात तिने सांगितलं, "बच्चेदानी निकार दैहें, जिज्जी. फिर बच्चा न हुइए." गर्भाशय काढणार, मग मूल होणार नाही.

बाई ओरडली नाही, रडलीही नाही. तिने उठून उशाखालची पिशवी काढली, चपला शोधल्या आणि नवरा परत यायच्या आत वॉर्डातून निघून गेली.

ऑपरेशन गरजेचं होतं की नव्हतं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण काय काढणार आहेत ते त्या बाईला कुणीही सांगितलं नव्हतं, एवढं खरं. नवऱ्याला ठाऊक होतं. सासूला ठाऊक होतं. मोठे डॉक्टर संतापले. रेवतीने पेशंट पळवून लावला, असं दिवसभरात सगळ्या रुग्णालयात पसरलं. आठवडा उलटायच्या आत नवऱ्याने बाईला परत आणलं आणि ते ऑपरेशन झालंच.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. मला विचारलं, "इसने पेशंट को बताया था?" मी म्हटलं, "हाँ, पर जो बताया वह सही था." त्यांनी फक्त 'हाँ' लिहून घेतलं. मग राजकुमारीला आणलं. नवरा तिच्या मागे उभा होता. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "हमें तो कछू नईं पतो. ई बिन्नू ने डरा दओ तो." मला काही ठाऊक नाही, या पोरीने घाबरवलं होतं.

मला वाटलं, रेवती आता काहीतरी बोलेल. ती फक्त उठून बाहेर आली. बाहेर व्हरांड्यात त्या बाईला बाकावर बसवलं होतं. रेवती तिच्यापाशी गेली आणि वाकून विचारलं, "टाँके पिरात तो नइयाँ, जिज्जी?" टाके दुखत नाहीत ना? बाईने पदर पुढे ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा मात्र रेवतीचा चेहरा उतरला. वर्गाच्या हसण्याने जे झालं नव्हतं, ते त्या फिरवलेल्या तोंडाने झालं.

"लिखकर माफी माँग लो, बात ख़त्म," प्राचार्य म्हणाले होते. तिचे बाबा कॉलेजच्या फाटकाशी तिच्यासमोर अक्षरशः हात जोडून उभे राहिले. "रेवू, दोन ओळी लिहून दे गं. तिसरं वर्ष आहे."

"काय लिहू, बाबा? अर्थ चुकला असं लिहू? चुकला नव्हता."

तिने लिहून दिलं नाही. कॉलेजने तिचं नाव पटावरून कमी केलं. मी पुढे पास झाले आणि दुसऱ्या एका रुग्णालयात लागले. ज्या मॅडमनी तिला वर्गाबाहेर काढलं होतं, त्या वर्षानुवर्षं नव्या मुलींना शब्द शिकवताना 'तोड़कर पढ़ो' म्हणून सांगत राहिल्या. कुणाकडून शिकल्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

या दिवाळीत मी फराळ घेऊन नगऱ्याला तिच्या घरी गेले. रेवती आता घरी बसून एका कंपनीचं काम करते. परदेशातल्या रुग्णालयांचे कागद कॉम्प्युटरवर येतात, आणि प्रत्येक आजाराला ठरलेला आकडा द्यायचा असतो. त्या कामात ती इतकी तरबेज झाली आहे की नव्या मुलींना तीच शिकवते. मी विचारलं, "आवडतं का गं?"

"न आवडायला काय झालं? पेशंट दिसतच नाहीत."

तेवढ्यात तिची आई आतून एक कागद घेऊन आली. काकूंच्या मानेला गाठ आली होती, म्हणून तपासणी करून घेतली होती. चष्मा लावूनही वाचता आलं नव्हतं. "रेवू, हे काय लिहिलंय बघ ना. सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा."

रेवतीने कागद घेतला. एका नजरेत तिने तो वाचला, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. मग तिने तो नीट घडी करून आईच्या हातात परत दिला.

"डॉक्टरांना विचार, आई."

"अगं, पण तुला कळतं ना?"

"डॉक्टरांना विचार."

काकू माझ्यापाशी आल्या. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. मी वाचला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांना जवळ बसवून सांगितलं, "काकू, थायरॉइडची साधी गाठ आहे. वाईट काही निघालेलं नाही." त्यांनी देवाला हात जोडले आणि मग रेवतीला काहीतरी म्हणायला वळल्या.

ती आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली होती.