ओरिए शिरानुईची सही

कुनिको हातानोचं दुकान माझ्या दुकानाला लागूनच. मी कुंचले विकते, ती जुन्या नटनट्यांच्या सह्या. क्योतोच्या तेरामाची बाजारात आम्ही वीस वर्षांच्या शेजारणी. सही खरी की खोटी, हे कुनिकोने एकदा सांगितलं की ओसाकाचे व्यापारीसुद्धा गप्प बसत. ओरिए शिरानुई या जुन्या नटीच्या बाबतीत तर तिचा शब्द शेवटचा. चित्रपट कंपनीच्या कचेरीतून थेट आलेल्या अकरा सह्या तिच्या खणात होत्या. नवी सही त्यांच्याशी ताडून पाहायची आणि मगच दाखला द्यायचा, हा तिचा शिरस्ता.

मार्चमध्ये ओत्सूहून ओगावारा नावाचे गृहस्थ आले. जन्मभर ताताम्या, म्हणजे गवती चटया, विणून बोटं वाकडी झालेली. रुमालातून त्यांनी पांढरा चौकोनी पुठ्ठा काढला. त्यावर शाईची एक सही, कुणालाच वाचता न येणारी.

"वडिलांनी देव्हाऱ्यात ठेवली होती," ते म्हणाले. "कुणाची ते न सांगताच गेले. बाई, काही किंमत येईल का?"

कुनिकोने भिंग लावलं. मग मला हाक मारली. "कुंचला कुठला गं हा?"

"कचेरीतला, स्वस्तातला," मी म्हटलं.

"शेवटचा फटकारा अगदी ओरिएचा. पण नाव तिचं नाही. कमाल आहे!"

मागच्या पायरीवर तिची आई, मित्सुएमावशी, शेंगा सोलत बसली होती. आपला भाऊ वारल्यावर तीन महिन्यांपूर्वीच ती माइझुरूहून लेकीकडे राहायला आली होती. ती वाकून बघायला आली.

"अगं, ही तर माझी सही!"

"आई, चष्मा लाव."

"लावलाय. मित्सुए कावाई, माझं माहेरचं नाव. आम्ही तिघी मुली दिवसाला शंभर-शंभर पुठ्ठे लिहायचो. एकदा कंटाळून एकावर माझंच नाव ठोकून दिलं. तो टपालात गेलासुद्धा!"

"कसले पुठ्ठे?"

"ओरिएबाईंच्या सह्यांचे. ती काय स्वतः बसणार होती होय?"

कुनिकोच्या हातातलं भिंग फरशीवर पडलं. "तू तर त्या चित्रपट कंपनीत टेलिफोनवर होतीस ना?"

"मग तुझ्या बाबांना काय सांगू, खोट्या सह्या करते म्हणून?"

कुनिकोने खण उघडला आणि अकराही सह्या आईपुढे मांडल्या. मावशीने वाटाणे निवडावेत तशा त्या वेगळ्या केल्या. "या नऊ माझ्या. या दोन आमच्यातल्या फुमीच्या, ती पहिलं अक्षर फुगवायची."

"आणि ओरिएची खरी सही? ती कशी होती?"

"कोण जाणे. मी कधी पाहिलीच नाही."

कुनिकोने सह्या एकेक करून पालथ्या घातल्या.

ओगावारा मावशीकडे टक लावून बघत होते. "म्हणजे माझे वडील रोज सकाळी तुम्हाला हात जोडत होते?" पुठ्ठा न उचलताच ते दाराकडे गेले, परत आले, उचलला आणि निघून गेले.

दुकान आठ दिवस बंद होतं. मग कुनिकोने दाखला दिलेल्या प्रत्येकाला पत्र लिहिलं. ओसाकाचा एक व्यापारी धावत आला. "वेड लागलंय का तुम्हाला? तुमच्या आईशिवाय कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली, "मला कळलंय." पुष्कळांनी सह्या परत पाठवल्या, काहींनी शिव्या दिल्या. नागोयाच्या एका दंतवैद्याने दाखला तेवढा परत केला, सही ठेवून घेतली.

आता कुणी सही घेऊन आलं तर कुनिको कागद कुठला, शाई किती जुनी, एवढंच सांगते. कुणाची, ते सांगत नाही. परवा जेवताना मावशी म्हणाली, "इतकं काय मनाला लावून घ्यायचं? लोक खूश होते ना!" कुनिको भाताचा वाडगा तसाच ठेवून माझ्याकडे निघून आली आणि संध्याकाळपर्यंत कुंचले पुसत बसली.