खाचराला टांगलेली चप्पल

आमची धाकटी जाऊ शालूबाई किनवटकडची, भातावर वाढलेली. लगीन होऊन बाळापुरात आली अन् ताटात रोज ज्वारीची भाकर बघून रडकुंडीला आली. शेवटी ओढ्याकाठच्या चिबड, पाणी साचणाऱ्या पट्टीत तिनं भात लावला. आमी लई हसलो. पण दरसाल पिकवायची, पठ्ठी!

मागल्या साली तिचे मालक, आमचे संतराम भावजी, म्हणाले, "यंदा शेवटचं. धान कमी आलं तर चर खणून तिथं हळद लावतो."

शालूचा जीव टांगणीला. भात मात्र कंबरेएवढा, हिरवागार. अन् एक दिवस खालची पानं पिवळी पडली, वर तांबूस ठिपके. झालं!

"अक्का, तुमचीच नजर लागली," माझ्यावर घसरली.

माझी? मला भातानं पित्त होतं, बाई!

तिनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, वर खाचरात रोवलेल्या बांबूला भावजींची एक चप्पल उलटी टांगली. भावजी पोळ्यापर्यंत अनवाणी.

पोळ्याला तिची लेक कोमल परभणीहून आली. शेतकी कॉलेजात माती शिकते. चप्पल बघून पोट धरून हसली, मग खाचरात उतरली.

"आई, शेणखत घातलं का?"

"दोन साल न्हाई. एवढं जोरात वाढून राहिलं, काहून घालू?"

"तिथंच चुकलं. हवेत धुराचा कार्बन वायू वाढून राहिला. त्यावर पाला फोफावतो अन् मातीतलं नत्र, जस्त ओढून घेतो. आपण परत दिलं न्हाई तर माती रिती होते. दाण्यातही कस राहत न्हाई."

"मंग हवेला चप्पल दाखवू का?" शालू चिडली.

"हवा आपल्या एकट्याच्या हातात न्हाई, आई. माती हाय."

शालूनं तोंड फुगवलं, पण दुपारीच पाटीभर कुजलेलं खत डोक्यावर घेऊन निघाली. कोमलनं जस्ताचं खत आणलं. सगळं खाचर काही सुधारलं न्हाई, कडेचं तसंच राहिलं. पण मधली कणसं दाण्यानं वाकली. मला इतका आनंद झाला, म्हणून सांगू!

दिवाळीत नव्या तांदळाचा भात झाला. भावजी तिसऱ्यांदा वाढून घेऊन राहिले.

"भावजी, हळदीचं काय?" मी डिवचलं.

"वरणात हाय की!"

यंदा त्यांनी आधीच खाचरात शेणखताच्या गाड्या रित्या केल्या. रोवणी झाली अन् बघते तर बांबूवर चप्पल. दुसऱ्या पायाची, त्यांनीच टांगलेली.

"अहो, आता कशाला?"

"असू द्या वैनी. खत घातलं, बराबर हाय. पण तुमची नजर लई वाईट."