धातूच्या रेघांआडचा डाग

चिंचवडच्या एका सेंटरमध्ये मी दातांचे आणि जबड्याचे स्कॅन काढते. एका सकाळी कुरुळीहून एक वेल्डर बायकोला घेऊन आला. मूळचा लातूरकडचा, चाळिशीच्या आतला, चाकणच्या कंपनीत कामाला. खालच्या डाव्या दाढांवर धातूच्या तीन कॅप होत्या आणि त्यांच्याखाली महिनाभर ठणकत होतं.

"दाढ काढून टाका म्हणलं, तर डॉक्टर म्हणाले, आधी फोटो काढून आण," तो म्हणाला.

तोंडात धातू असला की स्कॅनमध्ये तिथून पांढऱ्या रेघा फुटतात, मधे काळे पट्टे पडतात आणि हाड झाकलं जातं. त्याच्या स्कॅनमध्येही तेच झालं. फक्त एका काळ्या डागाची कड मला कुरतडल्यासारखी वाटली. बाहेर सात पेशंट थांबलेले. मी रेघा कमी करणारा फिल्टर पूर्ण लावला. चित्र स्वच्छ झालं, डागही फिकटला. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी तेवढंच चित्र पाठवलं. मूळचं नाही. शंकाही कळवली नाही. रिपोर्ट आला : धातूमुळे पडलेली सावली.

चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा गाल सुजला होता, ओठ बधिर झाला होता. दाताच्या डॉक्टरांनी या वेळी कॅप काढून पाठवलं होतं. स्कॅनमध्ये एकही रेघ नव्हती. डाग मात्र होता, आणि चांगलाच पसरला होता.

"आधीच्या फोटोत नव्हतं का हो हे?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. "होतं," मी म्हणाले. "मला दिसलं होतं. सावली समजून सोडून दिलं."

बायको म्हणाली, "दिसलं होतं तर बोलायचं ना, ताई."

तपासणीत तो डाग म्हणजे कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलनं जुना स्कॅन मागितला, तो न्यायला बायको एकटीच आली. मी मूळचं चित्र उघडून डागावर बोट ठेवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"एवढंसंच होतं की," ती म्हणाली.

अर्धा जबडा काढला, पण गाठ मानेत उतरली होती. वर्षाच्या आत तो गेला.

सेंटर चालवणाऱ्या डॉक्टरांना मी माझी चूक लेखी दिली. त्यांनी कागद वाचून फाइलला लावला आणि पुढचा पेशंट आत घ्यायला सांगितलं.