कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर

अंतराळात माणूस पाठवायची गरजच काय, हा माझा आवडता विषय. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे कुठंही सुरू होतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. यंत्राला ना डबा लागतो, ना हवा, ना परत आणायची काळजी! ऐकणारे बिचारे मठ्ठ्याचा ग्लास घेऊन दुसरीकडे सरकतात.

कळमेश्वरला एकटे राहणारे माझे बाबा मात्र सरकत नसत. "चंद्रावर यंत्र पाठव गा, नाई कोन म्हन्ते? पन मानूस गेल्याबिगर गेलो म्हनता येते काय?"

मी हसलो, आणि हिवाळ्यात त्यांच्या बैठकीत एक कॅमेरा ठोकून आलो. आता नागपुरात, रामदासपेठेतल्या घरी बसल्या बसल्या मोबाइलवर बाबा दिसायचे; खुर्चीत पेपर वाचताना, घोरताना. घर तासाभराच्या वाटेवर, पण जायचं कारणच उरलं नाही. याला मी विज्ञानाची प्रगती म्हणत असे.

मे महिन्यात एका दुपारी पाहतो तर खुर्ची नाही. बाबाही नाहीत. फोन केला, उचलेनात. पुन्हा केला. सगळं विज्ञान तिथंच टाकलं, डोक्याला बायकोची ओढणी गुंडाळली आणि भर उन्हात स्कूटरवर निघालो. वाटभर रडकुंडीला आलो होतो, खोटं कशाला सांगू.

दार ढकललं. बाबा बनियनवर, कूलरसमोर खुर्ची टाकून मजेत खरबूज खात बसले होते. ऊन सोसेना तसा त्याच सकाळी कूलर कोपऱ्यातल्या खिडकीत बसला, त्याच्या मागोमाग खुर्ची गेली, आणि तो कोपरा कॅमेऱ्यात येतच नव्हता. नागपुरात जन्म घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला एवढंही सुचू नये! त्या घरघरीत फोन काय, दारात ढोल वाजला असता तरी बाबांना कळलं नसतं.

"काहून आला गा इतक्या उनात?"

"तुम्ही दिसले नाही म्हणून," एवढंच म्हणालो आणि चक्क रडलो. बाबांनी खरबुजाची फोड हातात दिली.

मग उरलीसुरली अब्रू सावरायला स्टुलावर चढलो आणि कॅमेरा कूलरकडे वळवू लागलो.

"राहू दे थो तिकडंच," बाबा म्हणाले. "लय कामाचा हाय. त्याले मी दिसलो असतो तं तू आला असता काय?"

मी स्टुलावरून खाली उतरलो.